सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो: मागचे बॅनर, खांब, गर्दी कशी टाळायची, आणि आलीच तर कशी काढायची?

तापीकाठ_शहादा

राम राम मंडळी. माझ्या मामांकडे मारवाडी घोड्या आहेत, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांची दावण असते. आता गिऱ्हाईक आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागतं, फोटो आवडला तरच दावणीपर्यंत येतं, त्यामुळे फोटोचं खातं माझ्याकडे आलंय. मोबाईल तीन कॅमेऱ्यांचा आहे, शिवाय मित्राचा डीएसएलआर ५० एमएमच्या लेन्ससकट मिळतो.

घोडी काय सांगू, अबलख आहे, म्हणजे अंगावर पांढऱ्या रंगाची मोठी ठिगळं, मान अशी ताठ आणि कान उभे केले की दोन्ही टोकं वर एकमेकांना टेकतात. पण मागे बघावं तर कोणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर, निळी पाण्याची टाकी, चहाच्या गाड्यावरची लाल छत्री, सेल्फी काढणारी पोरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॅलोजनचा खांब, तो बरोबर दोन कानांच्या मधून वर गेलेला. मोबाईलच्या इरेजरने खांब जातो पण कानाचं टोकही सोबत जातं आणि आयाळीचा नुसता लगदा होतो. पोर्ट्रेट मोड लावला तर मोरखीची (घोडीच्या तोंडाला बांधतात ती) दोरी अर्धी दिसते अर्धी गायब. निवांत जागा बघून काढू म्हटलं तर मामा मागून ओरडतात, आटप रे गिऱ्हाईक थांबलंय.

तर एक, काढतानाच मागचं स्वच्छ कसं ठेवायचं एवढ्या गर्दीत? दोन, राहिलंच तर एडिटमध्ये कसं काढायचं की घोडी खराब होणार नाही? आणि अजून एक, यात्रेवरच्या फोटोंची एक स्पर्धा आहे, तिथेही एक फोटो पाठवायचाय, तर त्यातून असं काही काढलेलं चालतं का?

---

पांझरा_धुळे

भाऊ, घोडी भारी शे! तुझा दुसरा प्रश्न लहान करायचा असेल तर सगळा जोर पहिल्यावर लाव.

आपण काय करतो, घोडी जिथे बांधलीय तिथेच फोटो काढतो, आणि मग मागचं जे काय आहे ते आपल्या नशिबी येतं. उलटं कर. आधी मागची जागा शोध आणि मग घोडी तिथे घेऊन ये. सकाळी घोड्या फिरवायला, पाणी पाजायला काढतातच ना, तेव्हा फोटो उरकून टाक, मामांची कटकट पण नाही आणि गिऱ्हाईक पण नाही. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास दीड तास यात्रेत गर्दी नसते, ऊन तिरपं असतं, आणि नदीच्या अंगाला गेलास तर मागे फक्त आभाळ आणि धुकं. त्या उन्हात घोडीच्या अंगावरची झाक दिसते ती दुपारी काही केल्या दिसत नाही.

आता अंतर. ५० एमएमवर एफ १.८ लावलं, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडलं, की मागचं सगळं विरघळेल असं वाटतं, पण पूर्ण घोडी फ्रेममध्ये बसवायला तुला चांगलं लांब उभं राहावं लागतं, आणि तू जितका लांब तितकं मागचं जास्त स्पष्ट येणार. अशा वेळी बॅनर घोडीच्या पाठीला चिकटून असेल तर एफ १.८ वर सुद्धा त्याच्यावरचं नाव वाचता येतं. घोडी बॅनरपासून तीस-चाळीस फूट पुढे आण, मग बघ फरक. लेन्सच्या आकड्यापेक्षा घोडी आणि मागची वस्तू यांच्यातलं अंतर जास्त काम करतं.

मोबाईलचं म्हणशील तर १एक्स वर जवळ जाऊन घोड्याचा फोटो कधीच काढू नको. तो कॅमेरा वाईड असतो, जवळून काढलं की तोंड मोठं येतं, मागचे पाय बारके आणि आखूड, गिऱ्हाईकाला वाटतं घोडी ठेंगणी आहे. मागे सरक आणि २एक्स किंवा ३एक्स वापर. अंगाचं प्रमाण नीट येतं, आणि अजून एक फायदा, मागचा भाग कमी रुंदीचा दिसतो. १एक्स ला मागे टाकी, छत्री, बॅनर तिन्ही येत असतील तर ३एक्स ला कदाचित एकच येईल, आणि ते एक टाळायला दोन पावलं सरकलं तरी पुरतं.

खांबाचं तर अगदीच सोपंय. घोडी जवळ आहे, खांब लांब आहे, म्हणून तू डावीकडे एक पाऊल टाकलंस की कानांच्या मानाने खांब डावीकडे सरकतो. एक पाऊल! एडिटिंगला अर्धा तास घालवण्यापेक्षा ते एक पाऊल टाक. क्लिक करायच्या आधी कानाच्या टोकापासून मानेवरून पाठीपर्यंत कडेकडेने नजर फिरवायची, तिथे काही चिकटलंय का, मग फ्रेमच्या चारही कडा बघायच्या. डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघितलं तर अजून चांगलं, जे भडक आहे ते लगेच टोचतं. नजर कशाकडे धावते, तर सगळ्यात उजळ भागाकडे, लाल-पिवळ्या रंगाकडे, अक्षरांकडे आणि माणसाच्या चेहऱ्याकडे. मागच्या बॅनरमध्ये हे चारही एकत्र असतात, म्हणून ते एवढं खटकतं.

उंची पण बदलून बघ. उकिडवा बसलास तर घोडीचं डोकं आणि मान आभाळात जाते, गर्दी पायांच्या मागे दडते. फक्त आभाळ उजळ असल्याने घोडी काळपट येईल, तर स्क्रीनवर घोडीच्या अंगावर बोट ठेवून उजेड थोडा वाढव. विक्रीचा पूर्ण आडवा फोटो मात्र घोडीच्या पोटाच्या उंचीवरून काढ, फार खालून काढलेला फोटो पायांची लांबी फसवतो.

---

आप्पा_स्टुडिओवाले_चाळीसगाव

बाळा, वरच्या भाऊंनी एक पाऊल सरकायचं सांगितलं ते सोळा आणे खरं, मी उजेडाचं सांगतो कारण स्टुडिओत आम्ही आयुष्यभर तेच केलं.

मागचं घालवायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे मागे अंधार ठेवायचा. यात्रेत घोड्यांसाठी मांडव असतात, कापडाचे नाहीतर पत्र्याचे. मांडवाच्या आत उजेड कमी, बाहेर भरपूर. घोडी मांडवाच्या तोंडाशी उभी कर, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, अंग सावलीच्या कडेवर, आणि तू बाहेरून काढ. घोडीवर उजेड मोजून एक्सपोजर लावलंस की मागचा मांडव आपोआप काळा पडतो, आत दावं आहे का बादली आहे का माणूस बसलाय काही दिसत नाही. अबलख किंवा नुकऱ्या (पांढऱ्या) घोड्याला तर हे इतकं शोभतं, पांढरा रंग काळ्यातून नुसता उठून येतो. काळ्या घोड्याला मात्र हे करू नको, त्याची कडाच हरवते, त्याला मागे फिकं आभाळ किंवा वाळलेलं गवत पाहिजे.

मागे चादर धरून फोटो काढायची कल्पना कोणी दिली तर ऐकू नको. माणसाला चालतं, घोड्याच्या मागे कापड फडफडलं की घोडं बिथरतं, आणि यात्रेत लहान पोरं फिरत असतात.

हे एडिटिंग काही आजचं नाही बरं. आमच्या वेळी काचेवर खालून उजेड देऊन निगेटिव्ह ठेवायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, प्रिंटवर पांढरे ठिपके आले तर बारीक ब्रशने रंग भरायचा. पण मागचा अख्खा माणूस किंवा खांब घालवायचा म्हणजे फार कष्ट, म्हणून पडदा, स्टूल, फुलदाणी सगळं आधी मांडून घ्यायचो आणि मगच कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालायचो.

आमच्या चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) तर यातले गुरू. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी बघ, टेबलावर छोट्या छोट्या वस्तूंनी अख्खा देखावा मांडायचा, उजेड ठरवायचा आणि मग फोटो, बघणाऱ्याला वाटावं खराच डोंगर, खरंच घर. त्या फोटोत एक वस्तू उगाच आलेली दिसत नाही, कारण जे आहे ते त्यांनी हाताने ठेवलेलं आहे. स्टेशनजवळच त्यांचं घर आहे, त्यांचं काम तिथे जपलेलं आहे, या बाजूला आलास तर बघितल्याशिवाय जाऊ नको. यात्रेत तुला मांडणी हाताने करता येणार नाही पण कोपऱ्यातली बादली तर उचलून बाजूला ठेवता येते. खूप जण तेवढंही करत नाहीत आणि मग रात्री मोबाईलवर बादली पुसत बसतात.

---

खापरावरची_अमळनेर

तापीकाठ दादा, एडिटिंगचं मी सांगते, माझं रोजचं काम आहे, मी खान्देशी पदार्थांचे फोटो काढते.

आधी हे लक्षात घ्या की इरेजर आजूबाजूचं बघून भोक भरतो. नवीन एआयवाले तर मागे काय असेल याचा अंदाज करून चक्क नवीन चित्र काढतात. म्हणून आभाळातली वायर, जमिनीवरचा प्लास्टिकचा कप, सपाट भिंतीवरचा खिळा हे झटक्यात जातं, कारण भरायला आजूबाजूला एकसारखा माल भरपूर आहे. पण वस्तू जिथे घोडीच्या कडेला टेकते तिथे त्याला कळत नाही कान कुठे संपला आणि खांब कुठे सुरू झाला, म्हणून कान खातो. सगळं एका फटक्यात घासू नका. आधी खांबाचा कानापासून लांबचा भाग काढा, कडेपाशी थोडा तुकडा मुद्दाम सोडा. मग तो उरलेला तुकडा खूप झूम करून अगदी बारीक ब्रशने, थोडं थोडं. स्नॅपसीड या मोबाईल ॲपच्या हीलिंगमध्ये (डाग पुसायचं टूल) जेवढं झूम कराल तेवढा ब्रश बारीक होतो, ही गोष्ट खूप जणांना माहीत नसते. एक ठिपका, बघा, जमलं नाही तर अनडू, परत. कॉम्प्युटर असेल तर फोटोशॉपमध्ये आधी कान सिलेक्ट करून सिलेक्शन उलटं (इन्व्हर्स) करून घ्या आणि क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग उचलून भरणाऱ्या ब्रशने, फक्त बाहेरच्या बाजूचं भरा, सिलेक्शन आहे तोवर ब्रश कानावर जातच नाही.

माणूस काढला तर त्याची सावली पण काढा. मी असे फोटो बघितलेत, जमिनीवर दोन सावल्या आणि माणूस एकच. आणि एकच ठिकाण परत परत भरलं की तोच गवताचा झुबका तीनदा दिसतो, तो लगेच ओळखू येतो.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो एडिट करू नका, तो आधीच दाबलेला असतो. मित्राकडून घेताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, मूळ फोटो वेगळा ठेवा आणि कॉपीवर काम करा.

आता माझं थोडं वेगळं मत सांगते. प्रत्येक गोष्ट काढायची गरजच नसते, दाबली तरी पुरते. लाल छत्री खटकते ती लाल आणि उजळ आहे म्हणून. स्नॅपसीडच्या सिलेक्टिव्हने तिच्यावर पॉइंट ठेवा, ब्राइटनेस आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करा, छत्री तिथेच राहते पण नजर घोडीवरून हलत नाही, आणि कडा बिडा खराब व्हायचा प्रश्नच नाही. मी निम्म्याहून जास्त वेळा हेच करते.

आणि काय ठेवायचं याचाही विचार करा. माझ्या सासूबाई खापरावर मांडे करतात त्याचा फोटो घ्यायचा होता. पुरण भरलेला गोळा त्या हातावर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत मोठा करतात आणि मग उलट्या खापरावर अलगद टाकतात, ते टाकायच्या आधीचं, मांडा दोन्ही हातांवर ताणलेला आणि मागच्या उजेडाने त्यातलं पुरण दिसतंय, असं मला पाहिजे होतं. मागे काय काय होतं, काजळीने काळी झालेली भिंत, रचलेली लाकडं, गॅसचं सिलेंडर, आणि चार्जिंगला लावलेल्या मोबाईलची पांढरी वायर. वायर काढायला लावली, सिलेंडर भिंतीआड सरकवलं. एका ओळखीच्या बाईने सांगितलं भिंत पण घाण दिसते, मागे लाकडी टेबलाचा बॅकग्राउंड लाव ॲपमधून. ती भिंत मी अजिबात काढणार नाही. चुलीवर वर्षानुवर्षं रांधलं की भिंत अशी होते, आणि त्या काळ्या भिंतीमुळेच तर मांडा पारदर्शक दिसतोय. तुमच्या फोटोत पण मागे दावणीला दुसरे घोडे असतील, धूळ असेल, फेट्यातला म्हातारा माणूस असेल, तर ते ठेवा. ते गेलं तर घोडी सारंगखेड्यातली आहे का कुठली हे कळणारच नाही.

---

बातमीदार_नंदुरबार

तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, आणि हा प्रश्न हलका घेऊ नकोस.

स्पर्धेचे नियम आधी वाच. डॉक्युमेंटरी किंवा बातमीच्या फोटोत सर्वसाधारण नियम असा की फोटोतली वस्तू किंवा माणूस काढायचा नाही आणि घालायचाही नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत क्रॉप करून कडेची नको असलेली गोष्ट बाहेर ठेवलेली चालते, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढलेला चालतो, पण फ्रेमच्या आतली वस्तू पुसली तर फोटो बाद. हा फरक नीट समजून घे, क्रॉप म्हणजे तू कमी दाखवलंस, पुसणं म्हणजे तिथे नसलेली जमीन तू बनवलीस.

डोक्यातून निघालेल्या खांबाचंच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ४ मे १९७०, अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, चार विद्यार्थी गेले. जॉन फिलो नावाच्या विद्यार्थी फोटोग्राफरने तेव्हा काढलेला फोटो, मृतदेहाजवळ गुडघ्यावर बसून आक्रोश करणारी मुलगी, त्याला १९७१ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं. मूळ फोटोत त्या मुलीच्या डोक्याच्या बरोबर मागे कुंपणाचा खांब आहे. पुढे कोणीतरी तो खांब पुसला आणि तो पुसलेला फोटो नंतर मासिकांमध्ये छापला गेला. १९९५ मध्ये लाइफ मासिकाने तोच छापल्यावर खूप वाद झाला. खांब असला काय आणि नसला काय, घटना तीच, तरी लोक चिडले, कारण एक खांब गेला तर अजून काय काय गेलं असेल हा प्रश्न उरतोच. आणि २०१४ मध्ये एपी वृत्तसंस्थेने सीरियातल्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या एका पुलित्झर विजेत्या फोटोग्राफरबरोबरचं काम बंद केलं, कारण त्याने फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला होता. कोपऱ्यातला कॅमेरा, बस, तेवढंच.

त्यामुळे स्पर्धेला पाठवायचा फोटो काढतानाच नीट काढ, नाहीतर क्रॉप कर. खांब राहिला तर राहू दे.

विक्रीच्या फोटोचं वेगळं. मागचं बॅनर काढलंस तर गिऱ्हाईकाचं काही नुकसान नाही, तो घोडी घेतोय, बॅनर नाही. पण इरेजर घोडीच्या अंगाला लावायचा नाही म्हणजे नाही. अंगावरच्या केसांचे भोवरे बघून घोडा शुभ का अशुभ ठरवणारे लोक आपल्याकडे खूप आहेत, त्यावर किंमत वर खाली होते. पायाचा पांढरा पट्टा, गुडघ्यावरची जुनी जखम, खोगिराने पडलेला डाग, हे सगळं पारखी माणूस झूम करून बघतो. एआयवाला इरेजर मागचं काढता काढता अंगावरचं पण गुळगुळीत करून टाकतो आणि आपल्याला कळतही नाही. एडिट झाल्यावर मूळ फोटो शेजारी ठेवून पायापासून कानापर्यंत ताडून बघ आणि मगच पाठव. मामांचा शब्द आहे त्या दावणीवर.

---

तापीकाठ_शहादा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. आप्पा, मांडवाची आयडिया घरच्या गोठ्यावर करून बघितली, दाराच्या तोंडाशी घोडी उभी केली आणि मागचं खरंच काळं झालं, आत कडब्याच्या पेंढ्या होत्या त्या दिसल्या पण नाहीत. मामा पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले अजून एक काढ. भोवऱ्यांचं बातमीदार दादा एकदम बरोबर, मामांना विचारलं तर ते म्हणाले अंगाला हात लावलास तर फोटो पाठवणार नाही.

ताई, स्पर्धेला आता असा फोटो काढणार आहे की मागे दावण दिसेल, फक्त बॅनर येणार नाही.

एक राहिलं. मोरखीची दोरी आणि ती धरलेला हात फ्रेमच्या कडेला अर्धा कापला जातो, नुसता पंजा दिसतो. तो पुसू का? आणि कान पुढे कसे करायला लावायचे, घोडी फोटोच्या वेळी नेमके कान मागे टाकते.

---

पांझरा_धुळे

हात पुसू नको, पुसलास तर दोरी हवेत लटकणार. विक्रीच्या फोटोत दोरी लांब घे, धरणाऱ्याला घोडीच्या तोंडासमोर सात-आठ फुटांवर उभं कर आणि दोरी सैल सोडायला सांग, मग कडेला क्रॉप केलं तरी फक्त दोरी बाहेर जाताना दिसते, ते डोळ्याला खटकत नाही. नाहीतर सरळ पूर्ण माणूस घे, मामांनाच उभं कर फेटा बांधून.

कानांसाठी अजून एक माणूस लागेल. तो तुझ्या मागे, थोडा बाजूला, जिकडे घोडीने बघावं असं वाटतं तिकडे उभा राहील आणि हरभऱ्याचं डबडं हळूच वाजवेल. घोडी बघते, कान पुढे येतात, दोन-तीन सेकंद टिकतात. तू आधीच फोकस करून बर्स्टवर (एकामागोमाग भराभर फोटो) तयार राहा, डबडं वाजल्यावर फ्रेम लावत बसलास तर कान परत मागे गेलेले असतील. सारखं सारखं वाजवू नका, मग ती लक्ष देत नाही. आणि वाजवून झालं की तिला खरंच मूठभर हरभरे द्या, पुढच्या वेळी पण बघेल.

---

खापरावरची_अमळनेर

आणि बर्स्टमधले सगळे लगेच डिलीट करू नका दादा. एकात कान चांगले आणि मागे माणूस चालत आलेला, दुसऱ्यात मागचं मोकळं पण कान पडलेले, असं होतं. मोबाईल स्टँडवर ठेवून काढले असतील आणि फोटो विक्रीचा असेल तर मोकळ्या फोटोतली मागची जागा उचलून कान चांगल्या असलेल्या फोटोत बसवता येते. ती खरी जागा असते, इरेजरने बनवलेली नाही, त्यामुळे गवत, जमीन, उजेड सगळं जुळतं. स्पर्धेच्या फोटोला मात्र हे पण नाही चालणार. स्टँड नसेल तर मांडवाच्या बांबूला टेकवून धरा.